माझ्या वाटची क्षमा

प्रिय पप्पा,

अक्षर बघून दचकू नका. डाव्या हाताने लिहिते आहे. मावशी म्हणाली होती, तू सांग, मी लिहून घेते. पण या पत्रातलं काहीच सांगून लिहून घेण्यासारखं नाही, आणि मावशीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मध्येच ती स्वतःच्या पदरच्या दोन शिव्या घालणार आणि त्या माझ्या म्हणून तुमच्यापर्यंत पोचणार. म्हणून सकाळपासून तिच्या शिवणाच्या टेबलाचा एक कोपरा धरून बसले आहे. ती पडदे शिवते आहे. माझा हात थांबला की तिचं मशीन थांबतं, मी लिहायला लागले की परत सुरू होतं. कागद सरकू नये म्हणून तिने त्यावर आपली जड कात्री ठेवून दिली आहे, एक शब्दही न बोलता. मावशी न बोलता काही करते म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं समजा.

तुमचे फोन येतात ते मला कळतं. "झोपलीय हो ती," असं मावशी सांगते तेव्हा मी तिच्या समोरच बसलेली असते. इतकी झोप कोणालाच लागत नाही हे तुम्हालाही कळत असणार. तरी तुम्ही रोज "बरं, झोपू दे" म्हणता आणि ठेवता. त्या "बरं"मध्ये मला थोडी सुटका ऐकू येते. कदाचित मी तुमच्यावर अन्याय करत असेन. मी कोणावर अन्याय तर करत नाही ना, ही भीती मला किती वाटते हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दादा मला उगीच "काळजीवाहू सरकार" म्हणत नाही. म्हणून या पत्रात मला जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहीन, आणि जिथे अंदाज असेल तिथे अंदाज असं लिहीन.

हाताची बातमी आधी. पट्ट्या निघाल्या. कातडी गुलाबी आणि चकचकीत आहे, दुसऱ्याच कोणाची तरी वाटते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नीट वळतं. बाकीची अर्धवट वळतात आणि थांबतात, आज एवढंच म्हणतात. व्यायाम घेणारी बाई स्पंज दाबायला लावते. "नवऱ्याचा गळा समजून दाब," म्हणते. मी म्हटलं, नवरा नाही अजून. तर म्हणाली, "मग होणाऱ्याचा समज, सवय राहील." मी हसले. किती दिवसांनी हसले ते लक्षात आलं आणि लगेच वाईट वाटलं. ते का, ते पुढे येईल.

पप्पा, मला शाळेत उशिरा घातलं, धाप लागायची म्हणून. माझी पहिली शाळा म्हणजे आपलं जेवणाचं टेबल. आईने अक्षरं शिकवली, तुम्ही पवित्र शास्त्र वाचून दाखवलं, आणि न्याय म्हणजे काय ते दोघांनी मिळून भाताबरोबर भरवलं. इतर घरांत मुलांनी काही केलं की आरडाओरडा होतो, एखादी चापट बसते, विषय संपतो. आपल्याकडे ते नाथान संदेष्ट्याच्या पद्धतीने व्हायचं. नाथानाने दावीद राजाला त्याचा गुन्हा तोंडावर सांगितला नाही, गरिबाचं एकुलतं कोकरू लाटणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, आणि राजाने रागावून शिक्षा फर्मावली तेव्हा म्हणाला, तो माणूस तूच. तसं तुम्ही पहिला घास घेतला की सुरू करायचात, "एका गावात एक मुलगा होता." दादा दर वेळी फसायचा. त्याचा न्याय कडक. "त्याला आठवडाभर खेळायला सोडू नका," तो तोंडात घास ठेवून म्हणायचा, आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "मग उद्यापासून सुरू करू." आणि मी? मी गोष्ट संपायच्या आधीच रडून कबुली द्यायचे. कपाटातलं दूध कोणी सांडलं ही गोष्ट तुम्ही एकदा शेजारच्या मांजरीबद्दल सांगत होतात, खरोखरच मांजरीबद्दल, आणि मी उभी राहून म्हणाले होते की ते मीच सांडलं. आईला हसून ठसका लागला होता.

ही पद्धत मी तुमच्यावर वापरणार नाही. मनात आलं होतं. पहिलं पान तसंच लिहिलं, "एका गावात एक बाप होता," आणि फाडलं. तुम्हाला माझ्यासारखं कात्रीत पकडायचं नाही मला. सरळ लिहिते.

त्या टेबलाचे दोन नियम होते. शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी नको, हा पहिला. डोळ्याबद्दल डोळा हे ऐकून मी घाबरले होते, तेव्हा तुम्ही समजावलंत की ते कुंपण आहे, रागावलेल्या माणसाने एका डोळ्याच्या बदल्यात दोन घेऊ नयेत म्हणून घातलेलं. दुसरा नियम, ज्याचं नुकसान झालं त्यानेच क्षमा करायची. दादाने माझ्या रंगांच्या डबीत पाणी ओतून सगळ्याचा चिखल केला होता, आठवतं? तो तुमच्याकडे आला माफी मागायला. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे काय मागतोस? रंग माझे होते का?" मग तो माझ्याकडे आला आणि मी तोंड फिरवून बसले. आई म्हणाली, "दे की गं बाई, सोडून दे, भाऊ आहे तुझा." तेव्हा तुम्ही आईला थांबवलंत. "तिला घाई करू नकोस. तिची आहे, ती देईल तेव्हा देईल." मी संध्याकाळपर्यंत दिली नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मग दिली, आणि ती खरी होती. दादाला मी नंतर कधीही ते रंग ऐकवले नाहीत. माझ्या आयुष्यात माझ्या मालकीची पहिली गोष्ट कुठली असेल तर ती क्षमा. ती तुम्ही माझ्या हातात दिली होती.

आता धुलाईघराचं लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते क्रमाने मांडून बघायचं आहे.

मला तिथे तुम्ही लावलंत. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. ओल्या कपड्यांचा आणि वाफेचा वास, केस कायम कपाळाला चिकटलेले. तुम्ही मशीनवाले, म्हणून तिथे सगळे मला "मेकॅनिकसाहेबांची मुलगी" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मी आणि गुणगुणी मोठ्या रोलरवर. तिचं काम आणि तिचं गुणगुणणं एकाच वेळी सुरू व्हायचं आणि एकाच वेळी संपायचं. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायची, सोडून द्यायची. रोलरच्या तोंडाशी ती आडवी दांडी. हात चुकून पुढे गेला तर आधी दांडीला लागणार, आणि दांडीला काही लागलं की मशीन जागच्या जागी थांबणार. बोळा झालेली चादर लागली तरी थांबायचं. दिवसातून कितीतरी वेळा थांबायचं, आणि तेवढ्या वेळा ऑर्गनकाका त्यांच्या काचेच्या खोलीतून मान वर करायचे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आमचे काका, सोमवारी मॅनेजर. लहानपणी त्यांनी मला मांडीवर बसवून ऑर्गनच्या पट्ट्या दाबू दिल्या होत्या. माणूस वाईट नाही, असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

त्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्ही मला म्हणालात, "आज हात सांभाळ." मी म्हटलं, रोजच सांभाळते. तुम्ही म्हणालात, "हो, पण आज जरा जास्त." मला ते तुमचं प्रेम वाटलं. दिवसभरातल्या पहिल्या गाडीची चादर न चादर ओली आणि जड होती, ढीग टेबलाच्या वरपर्यंत आला होता. गुणगुणीने काहीतरी विनोद केला, तिच्या सासूबद्दल. मी हसले आणि चादरीबरोबर पुढे गेले. थांबायला हवं होतं त्या जागी काही थांबलं नाही.

पुढचं लिहीत नाही. मुख्य बटण तुम्ही बंद केलंत, मला उचलून तुम्ही नेलंत. तुमचा शर्ट माझ्या तोंडावर होता आणि त्याला ग्रीसचा वास होता, आणि मी तुम्हाला म्हणत होते, सॉरी पप्पा, सॉरी. ते तुम्ही ऐकलंत हे मला माहीत आहे, कारण तुम्ही म्हणालात, "गप, बाळ, गप."

हॉस्पिटलमध्ये तुम्ही माझ्या खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना केलीत. आई होती, पाळकसाहेब होते. तुम्ही म्हणालात, प्रभू, हिच्या निष्काळजीपणाबद्दल हिला क्षमा कर, आणि हिचा हात वाचव. मी आमेन म्हटलं. पप्पा, मी मनापासून म्हटलं. त्यानंतर कित्येक दिवस मी छताकडे बघत तो क्षण उलगडत बसायचे. बाही दुमडली नव्हती का? केस डोळ्यांवर आले होते का? शेवटी माझं ठरलं की मी हसले म्हणून झालं. काम करताना दुसऱ्याच्या सासूला हसले, त्याची ही शिक्षा. तेव्हापासून हसू आलं की मी ते अर्ध्यावरच दाबते. तुम्ही रोज येऊन बसत होतात, संत्र्याच्या फोडी सोलून माझ्या तोंडात घालत होतात, आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत होतं. कारण मी ते तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "असं काही नसतं गं." एवढंच. मग खिडकीशी जाऊन उभे राहिलात.

मग तो रविवार. मी पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, हात गळ्यात बांधलेला. पाळकसाहेबांनी हरवलेल्या मुलाला धावत जाऊन मिठी मारणाऱ्या बापावर उपदेश केला. मला तो दाखला आवडतो, पण लहानपणापासून माझं लक्ष शेतावरून परत आलेल्या थोरल्या भावाकडेच जायचं, जो बाहेर उभा राहून आतलं गाणं ऐकतो आणि ज्याला आत काय ठरलं ते नोकराला विचारावं लागतं. त्या दिवशी मी तोच झाले. उपदेश संपला आणि तुम्ही उठलात. माझ्या बाकावरून, माझ्या शेजारून, माझ्या गुडघ्यांना लागून बाहेर पडलात आणि वेदीपाशी गेलात. ऑर्गनकाकांना तुम्ही हाताला धरून उठवलंत. ते रडत होते. तुम्ही सगळ्या मंडळीसमोर म्हणालात की आमच्या कुटुंबाच्या मनात यांच्याविषयी काही नाही, अपघात हा अपघात असतो, आम्ही यांना पूर्ण क्षमा केली आहे आणि पुढे काही वाढवायचं नाही. तुम्ही मिठी मारलीत. बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, हीच कृपा.

लोक माझ्याकडे वळून बघत होते आणि हसत होते, प्रेमाने. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंनी माझा बरा हात दाबला. म्हणाल्या, "किती मोठ्या मनाची गं तू." मी तर तोंडही उघडलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. प्रभुभोजनाची भाकर फिरत आली तेव्हा मी ती पुढे दिली. शास्त्रात लिहिलंय ना, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन ज्याचं तुझ्याशी बिनसलंय त्याच्याशी समेट कर. माझं कोणाशी बिनसलंय हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं, पण बिनसलंय एवढं कळत होतं. मी भाकर घेतली नाही हे तुम्ही पाहिलंत. घरी जाताना विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धुलाईघरात गेले, कपाटातली माझी चप्पल आणि डबा आणायला. रोलर बंद होता, त्यावर मोठं कापड टाकलेलं. मी जाणार नव्हते त्याच्याजवळ, पण पाय गेले. कापडाची एक बाजू वर करून बघितलं. दांडी जागेवर नव्हती. तुटली नव्हती, निखळली नव्हती. काढलेली होती. आणि तिचे स्क्रू ज्या भोकांतून काढले त्याच भोकांत परत अर्धे फिरवून ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या मानेला पांढऱ्या दोऱ्याचा एक वेढा.

पप्पा, आपल्या घरातल्या पंख्याची जाळी काढली की स्क्रू कुठे असतात? आईच्या शिलाई मशीनचं झाकण, दादाच्या सायकलची चेन, बाथरूमचा नळ. "काढलेला स्क्रू खिशात ठेवला की हरवला. त्याच्या घरातच ठेवायचा, आणि दोरा बांधायचा, म्हणजे अर्धं काम राहिलंय हे विसरत नाही." तुम्ही हे मला इतक्यांदा सांगितलंत की स्वयंपाकघरातल्या बरणीचं झाकण सैल ठेवताना मीही दोरा शोधते. अख्ख्या धुलाईघरात दुसरा कोणी हे करत नाही. ऑर्गनकाकांना तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हेही सांगता येणार नाही.

मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. घरी आले, पिशवी भरली, मावशीकडे आले.

आता अंदाज लिहिते. काकांनी तुम्हाला सांगितलं असणार, मशीन फार थांबतं, हॉस्पिटलवाले ओरडतायत, थोडे दिवस काढून ठेवा. तुम्ही नाही म्हणाला असाल. मला वाटतं, नक्की म्हणाला असाल, एकदा तरी. मग ते परत म्हणाले असतील, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेईल असा विचार तुमच्या मनात आला असेल. तुम्ही दोरा बांधलात म्हणजे परत लावायचीच होती. हे सगळं मी स्वतःला तुमच्या बाजूने सांगून पाहिलं आहे, एखाद्या वकिलापेक्षा जास्त चांगलं. आणि तरी प्रत्येक वेळी मी त्या चहाच्या कपाशी येऊन थांबते. "आज हात सांभाळ." तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला अर्धं सांगितलंत. उरलेलं अर्धं वाक्य सांगितलं असतंत तर मी चादर लांबून दिली असती.

मी दांडी आहे की नाही ते का बघितलं नाही? हे मला सगळे विचारतात. मी घरातून निघताना गॅस पुन्हा पुन्हा बघते, कडी ओढून बघते, अर्ध्या रस्त्यातून परत येते. सगळं जग मी तपासत फिरते. ते एक मशीन मी कधी तपासलं नाही, कारण ते तुमच्या हाताखालचं होतं.

एवढंच असतं तरी मी कदाचित घरी परत आले असते. माणसाच्या हातून होतं. तुमच्या हातून झालं. पण परवा गुणगुणी इथे आली होती. तिला कामावरून थांबवलं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या बाईंना ऑर्गनकाकांनी सांगितलंय की मुली काम लवकर उरकायला स्वतःच दांडी काढून ठेवतात, त्या दिवशीही त्यांनीच काढली असणार. तुम्ही तिथे उभे होतात म्हणे. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मी पाहिलं नाही." गुणगुणी मावशीच्या या टेबलाशीच बसली होती, कापडाचे तुकडे हातात घेऊन घडी घालत होती, आपोआप, आणि अजिबात गुणगुणत नव्हती. मला म्हणाली, "तू तरी सांग, आपण काढली होती का? सगळे इतक्यांदा म्हणतायत की आता मलाच खरं वाटायला लागलंय." मग म्हणाली, "तुझ्या वडिलांनी काकांना माफ केलं म्हणे. चांगलं झालं. मला कोणाकडे जायचं ते सांग."

मला कोणाकडे जायचं ते सांग. पप्पा, याचं उत्तर तुम्ही द्या. आपल्या टेबलावर दादाने केलेलं कधी माझ्यावर ढकललं गेलं नाही. तिच्यावर मात्र सगळं ढकलून तुम्ही वेदीपाशी मिठी मारलीत.

मावशीकडच्या जुन्या शास्त्रात मी योसेफाची गोष्ट परत वाचली. भावांनी खड्ड्यात टाकला, विकला, आणि बापाला रक्त लावलेला झगा नेऊन दाखवला. योसेफ क्षमा करतो. पण तो स्वतः करतो. आधी त्यांना ओळख देत नाही, पारख करतो, दुसऱ्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो. त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतो. त्यांच्या बापाने, याकोबाने, सगळ्यांना गोळा करून, माझ्या योसेफाच्या वतीने मी तुम्हाला क्षमा केली, असं म्हटल्याचं मला कुठेच सापडलं नाही. मी नीट शोधलं.

आणि दावीदाची गोष्ट पुढे नेली. तुम्ही ती नेहमी "तो माणूस तूच" इथे थांबवायचात. मी लहान असताना एकदा पुढे वाचली होती आणि तुम्हाला विचारलं होतं. राजा म्हणतो, मी पाप केलं. नाथान म्हणतो, देवाने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस, पण तुझं मूल मरेल. मी विचारलं होतं, मुलाने काय केलं होतं? तुम्ही ताटातला भात कालवत राहिलात. मग म्हणालात, "ते मलाही कळलेलं नाही. जेव." मला त्या उत्तराचा तेव्हा फार आदर वाटला होता. आमच्या पप्पांना कळत नाही ते ते कळत नाही म्हणतात. आता वाटतं, राजाने निदान आधी "मी पाप केलं" असं म्हटलं तरी होतं.

मला तुमचा राग आलाय, आणि मी तो लपवत नाही. हाताबद्दलचा राग कमी आहे. त्या प्रार्थनेबद्दलचा जास्त. माझ्या खाटेशी बसून तुम्ही देवाकडे माझ्यासाठी जी क्षमा मागितलीत ती तुम्हाला स्वतःसाठी हवी होती. मग चर्चमध्ये जी वाटलीत ती माझी होती. दोन्ही वेळा तुम्ही रडत होतात आणि दोन्ही वेळा ते रडणं खरं होतं, म्हणूनच मला ते सहन होत नाही. खोटं रडला असतात तर सोपं गेलं असतं. आईला हे माहीत आहे का, हे मी विचारणार नाही. तिला माहीत असेल तर मला ते आत्ता कळायला नको आहे.

क्षमेबद्दल विचाराल तर ती माझ्याजवळच आहे. तुम्ही वाटलीत ती नावापुरती होती, खरी माझ्याकडेच राहिली. ती मी अजून कोणाला दिलेली नाही, काकांना नाही आणि तुम्हालाही नाही. देणारच नाही असंही म्हणत नाही. पण गुणगुणीच्या मानेवर पाय ठेवून ती देता येत नाही. दया करायची तर खरं काय घडलं ते आधी मान्य करावं लागतं, नाहीतर दया करायची कशावर?

आता हे पत्र आत्ता का लिहिलं ते सांगते. तपासणीवाल्या बाईंनी मला आणि गुणगुणीला बुधवारी बोलावलं आहे. मी जाणार आहे, आणि स्क्रूंबद्दल आणि दोऱ्याबद्दल सगळं सांगणार आहे. त्यातून तुमचं काय होईल ते मला माहीत नाही, नोकरी जाईल हे बहुतेक नक्की, आणि ते ठाऊक असूनही सांगणार आहे. पण तुम्हीच शिकवलंत की सख्ख्या भावाला मारणाऱ्या काइनाला देव शिक्षा आधी सुनावत नाही, आधी विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? त्याला माहीत असतं, तरी विचारतो, म्हणजे माणसाला स्वतःहून बोलायला जागा राहते. ती जागा मला तुमच्यासाठी ठेवायची आहे. पत्र तुम्हाला शनिवारी मिळेल, मध्ये रविवार आहे, सोमवार आहे. बाईंचं ऑफिस पोस्टाच्या वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, वर गेल्यावर डावीकडचं दार. मंगळवारी सकाळी ते उघडतं तेव्हा मी रस्त्यापलीकडे बसथांब्याच्या बाकावर असेन. वर तुमच्याबरोबर येणार नाही, ते तुम्हाला एकट्यालाच चढावं लागेल. नाही आलात तर थोडा वेळ वाट बघून मी मावशीकडे परत जाईन आणि बुधवारी माझं काम करीन. आलात, वर गेलात आणि खाली उतरलात, तर मी तिथेच असेन, मग कितीही उशीर झाला तरी. घरी आपण चालत जाऊ. वाटेत काही बोलायला हवं असं नाही.

बुधवारी काहीही झालं तरी तुमचीच,
तुमची मुलगी